अडीच सूत की आठ मिलिमीटर?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नट-बोल्टांच्या एखाद्या दुकानापुढे उभे राहा आणि "एक बोल्ट द्या" असे म्हणून पाहा. दुकानदार विचारील, "केवढा?" तुम्ही करंगळी दाखवाल. तो पुढे विचारील, "सुतातला की एम. एम.चा? अर्धा आटा की पूर्ण आटा? एम. एस. की एच. टी.?" एवढ्या प्रश्नांनी गोंधळून तुम्ही म्हणाल, "मोटारीला लावायचा आहे." मग मात्र त्याला हसू येईल, कारण एका मोटारीत शेकडो बोल्ट असतात आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या जागी चालेलच असे नाही.

हे प्रश्न तो उगीच विचारत नाही. त्यांतल्या प्रत्येकामागे तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच पदार्थविज्ञान आहे. मला ते माहीत होते, पण पटले ते एका रात्री.

वारणानगरला साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. अशाच एका हंगामात मी कोल्हापूरहून माझ्या जुन्या मारुती मोटारीने घरी परतत होतो. अंधार पडला होता. एकाएकी समोरच्या फळीवरचा लाल दिवा लागला आणि पुढचे दोन्ही दिवे हळूहळू मंद होऊ लागले. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांना मागे दिवा नाही, आणि माझा उजेड तर मेणबत्तीएवढा. कशीबशी मोटार बाजूला घेतली. विजेरीच्या प्रकाशात पाहिले, तर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरला ताणून धरणारा बोल्ट सैल होऊन लोंबत होता आणि पट्टा घसरत होता. आठवड्यापूर्वीच एका गॅरेजात तो नवा बसवला होता. दुसऱ्या दिवशी बोल्ट काढून मोजला, तेव्हा उलगडा झाला. आठ मिलिमीटरच्या भोकात अडीच सुती बोल्ट पाना रेटून घुसवलेला होता. अ‍ॅल्युमिनियममधले आटे त्याने पार खाऊन टाकले होते. बोल्ट पाच-सहा रुपयांचा, पण नवे आटे बसवून घ्यायला पाचशे रुपये पडले. ट्रॉलीवर आदळलो असतो तर काय पडले असते, याचा हिशेब मी केला नाही.

दिसायला जुळे, पण भाऊसुद्धा नव्हेत

सूत हे आपल्या कारागिरांचे जुने माप आहे. एका इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर झाले. आठ मिलिमीटरच्या बोल्टाशी तुलना केली, तर फरक फक्त ०.०६ मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. डोळ्यांना तो कसा दिसणार?

खरा फरक आहे तो आट्यांत. तुम्ही प्रयोगशाळेत स्क्रू गेज वापरताना 'पिच' हा शब्द शिकता. एक पूर्ण वेढा फिरवल्यावर स्क्रू जेवढा पुढे जातो ते त्याचे पिच. बोल्टालाही तेच लागू आहे. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाचे पिच १.२५ मिलिमीटर असते. अडीच सुती जाड आट्याच्या बोल्टाला एका इंचात १८ आटे असतात, म्हणून त्याचे पिच १.४१ मिलिमीटर. प्रत्येक आट्यामागे ०.१६ मिलिमीटरची तफावत पडते. पहिला आटा बसतो, दुसरा घासत जातो, तिसऱ्यापर्यंत तफावत जवळजवळ अर्धा मिलिमीटर होते आणि बोल्ट अडतो. येथे जाणता कारागीर थांबतो. घाईतला कारागीर पान्याला पाईप अडकवून रेटतो. मग पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे आटे कापत पुढे जातो, आणि वरून मात्र सारे घट्ट बसल्यासारखे दिसते.

म्हणून एक नियम पाठ करा. योग्य बोल्ट पहिले पाच-सहा वेढे नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. तो तसा फिरला नाही, तर आटे खराब आहेत किंवा बोल्ट चुकीचा आहे.

दोन पद्धतींचा संसार

ही दोन मापे आली कोठून? पूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीप्रमाणे आटे पाडी. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे एक सामाईक प्रमाण सुचवले. त्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी पाडायला सोपा असा ६० अंशांचा आटा सुचवला. दोन्ही मापे इंचातच, पण एकमेकांशी जुळत नसत. दुसऱ्या महायुद्धात एका दोस्त देशाचे सुटे भाग दुसऱ्याच्या यंत्रांना बसेनात, तेव्हा ही अडचण फार जाणवली. त्यातून १९४८ साली अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी एकच इंची आटा मान्य केला. युरोप खंडात मात्र मिलिमीटरचे आटे रुजले होते. पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून तेच मान्य झाले. भारतानेही १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली.

पण कायदा बदलला म्हणून रस्त्यावरच्या गाड्या बदलत नाहीत. अँबेसेडर ही मूळ इंग्रजी बनावटीची, जीप अमेरिकन बनावटीची. दोन्हींचे आटे इंचातले. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, इटालियन बनावटीची, म्हणून तिचे आटे मिलिमीटरचे. १९८३ च्या डिसेंबरात जपानी बनावटीची मारुती आली, तीही मिलिमीटरची. त्यामुळे आपल्याकडच्या गॅरेजात पान्यांचे दोन संच ठेवावे लागत. अर्ध्या इंचाचा पाना १२.७ मिलिमीटरचा असतो. इंची बोल्टाला त्याऐवजी १३ चा पाना लावला, तर तो बसतो खरा, पण जोर लावताच बोल्टाच्या डोक्याचे कोपरे गोल होतात. गंमत अशी, की मिलिमीटरच्या गोतातही भेद आहेत. त्याच आठ मिलिमीटरच्या बोल्टाला जपानी पद्धतीत बहुधा १२ चा पाना लागतो, तर युरोपीय पद्धतीत १३ चा.

आज नव्या मोटारी सगळ्या मिलिमीटरच्या आहेत. पण जुन्या जीपगाड्या आणि जुन्या बनावटीचे कित्येक ट्रॅक्टर अजून इंची आट्यांवर चालतात. वारणेच्या खोऱ्यासारख्या उसाच्या मुलखात दुकानांत दोन्ही प्रकारचे बोल्ट शेजारशेजारच्या खोक्यांत असतात ते यामुळेच. खोके बदलले की माझ्यासारख्याची फजिती होते.

बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंग

आता असे समजा, की योग्य मापाचा बोल्ट मिळाला. तो घट्ट करायचा म्हणजे नेमके काय करायचे? पुष्कळांना वाटते, बोल्ट म्हणजे जाडसर खिळा, भोकात घातला की काम झाले. तसे नाही. बोल्ट आवळला की तो ताणला जातो. ताणलेली स्प्रिंग जशी आखडू पाहते, तसा तो दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. काम करतो तो हा दाब.

थोडे गणित करू. ८.८ प्रतीचा आठ मिलिमीटरचा बोल्ट घ्या (ही प्रत म्हणजे काय ते पुढे येईलच). २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी सुमारे १३ किलोग्रॅम वजनाइतके, म्हणजे १२७ न्यूटन बल लावले, की हा बोल्ट पुरेसा घट्ट होतो. त्या वेळी तो दोन भागांना सुमारे १६,००० न्यूटनने दाबून धरतो. म्हणजे १,६०० किलोग्रॅमहून अधिक वजन वर ठेवल्यासारखे! हातच्या बलाचे १२५ पट बल झाले.

पण येथे एक नवल आहे. पाना एक वेढा फिरवताना हात १२५.७ सेंटिमीटर प्रवास करतो आणि बोल्ट १.२५ मिलिमीटर पुढे जातो. कार्याच्या नियमाप्रमाणे बल सुमारे १,००० पट व्हायला हवे होते. मिळाले १२५ पट, म्हणजे फक्त आठवा हिस्सा. उरलेले सात हिस्से गेले कोठे? ते घर्षणाने खाल्ले. काही डोक्याखालच्या घासण्यात गेले, काही आट्यांच्या घासण्यात.

हे नुकसान वाटते, पण तो आपला फायदा आहे. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. आपल्या बोल्टात हा चढ जेमतेम सव्वातीन अंशांचा असतो. इतक्या सौम्य उतारावर ठेवलेली पेटी घर्षणामुळे आपोआप घसरत नाही, तसाच आवळलेला नटही आपोआप उलटा फिरत नाही. घर्षण नसते, तर एकही बोल्ट घट्ट राहिला नसता.

यातून आणखी एक गोष्ट कळते. आट्यांना ग्रीस चोपडले की घर्षण कमी होते, आणि तेवढाच जोर लावला तरी बोल्ट जास्त ताणला जातो. कधी कधी तुटतोसुद्धा. म्हणून मोटारीच्या पुस्तिकेत 'कोरडा' लिहिले असेल तर कोरडा आणि 'तेल लावून' लिहिले असेल तर तेल लावूनच आवळावा.

आवळताना हा बोल्ट किती लांबतो? चाळीस मिलिमीटर लांबीचा भाग फक्त ०.०८५ मिलिमीटर! एवढ्याशा ताणावर सारे अवलंबून असते. जोडाच्या मध्ये रंगाचा पापुद्रा किंवा धूळ राहिली आणि ती चेपून ०.०३ मिलिमीटर बसली, तर एक तृतीयांश ताण नाहीसा होतो. चाक बदलल्यावर थोडे अंतर चालवून नट पुन्हा तपासायला सांगतात, त्याचे कारण हेच. चाकाचे नट मोटारीचे वजन अंगावर झेलत नाहीत. ते चाकाला तबकडीवर दाबून धरतात आणि त्या दोन पृष्ठांमधले घर्षण भार पेलते. नट सैल झाले की दाब जातो आणि भार बोल्टांच्या अंगावर येतो. लहान मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारे १.६ मीटर असतो. कोल्हापूर ते वारणानगर हे अंतर सुमारे ३० किलोमीटर धरले, तर चाक जवळजवळ १९,००० वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्याला सैल बोल्ट इकडून तिकडे वाकतो. तार पुन्हा पुन्हा वाकवून तुम्ही तोडता ना, तसाच तो एक दिवस तुटतो.

डोक्यावर लिहिलेले नशीब

बोल्टाचे डोके नीट पाहा. त्यावर ८.८, १०.९ असे आकडे उठवलेले दिसतील. पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की तुटण्याची मर्यादा मिळते. ८.८ प्रतीचा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तग धरतो. दुसरा आकडा सांगतो, की त्या मर्यादेच्या किती दशांशाला तो कायमचा ताणला जाईल. येथे ८०० चे ०.८, म्हणजे ६४० न्यूटन. दुकानातले 'एच. टी.' म्हणजे हे अधिक बळकट बोल्ट, आणि 'एम. एस.' म्हणजे साधे मऊ पोलाद. एम. एस. बोल्ट बहुधा ४.६ प्रतीचा असतो. तो २४० ला ताणतो आणि ४०० ला तुटतो.

आपल्या उदाहरणात १६,००० न्यूटनचा ताण ३६.६ चौरस मिलिमीटर छेदावर पडतो, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४३७ न्यूटन. तेथे एम. एस. बोल्ट घातला, तर तो आवळतानाच पिळून तुटेल. तुटू नये म्हणून हलकाच आवळला, तर दाब पुरणार नाही. दोन्हीकडून अडचण! चकचकीत स्टेनलेस बोल्टही फसवा असतो. तो गंजत नाही, पण त्याच्या नेहमीच्या प्रतीचा बोल्ट ४५० च्या आसपास ताणू लागतो, म्हणजे ८.८ पेक्षा बराच मऊ.

इंची बोल्टांवर आकडे नसतात, रेषा असतात. तीन रेषा म्हणजे साधारण ८.८ च्या तोडीचा, सहा रेषा म्हणजे त्याहून बळकट.

मग सगळीकडे सर्वांत बळकट १२.९ च का लावू नये? कारण पोलाद जितके कठीण, तितका त्याला हायड्रोजनचा धोका अधिक. मुलामा देताना किंवा गंजताना हायड्रोजन पोलादात शिरला, तर ते ठिसूळ होते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाच्या ९६ अतिबळकट दांड्या २०१३ च्या मार्चमध्ये आवळल्या गेल्या. थोड्याच दिवसांत त्यांतल्या ३२ तुटल्या, त्या या कारणाने. शिवाय काही बोल्ट मुद्दाम कमी बळाचे असतात. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरला फिरवणाऱ्या दांड्यावर असा एक बोल्ट असतो. पात्यांत दगड अडकला की तो तुटतो आणि महागडी यंत्रणा वाचते. त्याजागी 'चांगला' बोल्ट घालणे म्हणजे घरातल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे होय.

नव्वद बोल्टांची गोष्ट

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाला निघाले. १७,३०० फुटांवर असताना वैमानिकापुढची काच एकदम उडून गेली आणि कप्तान टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले. सहवैमानिक अलॅस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउथॅम्प्टनला सुखरूप उतरवले. ८१ प्रवासी आणि कप्तानासह ६ कर्मचारी, सारे वाचले.

चौकशीत काय निघाले? उड्डाणाआधी सुमारे २७ तासांपूर्वी ती काच बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाला सुमारे ०.६६ मिलिमीटरने बारीक होते आणि उरलेले ६ लांबीला अपुरे. काम करणाऱ्या अभियंत्याने जुना बोल्ट हातात घेऊन मंद उजेडात नुसत्या डोळ्यांनी जोडीचे बोल्ट निवडले होते. माझा बोल्ट निदान तिसऱ्या वेढ्याला अडला होता. हे बोल्ट अडलेसुद्धा नाहीत, कारण दोन्ही मापांना इंचात ३२ च आटे होते. बारीक बोल्ट सहज आत गेले, पण आट्यांची पकड पुरेशी बसली नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. नमुना म्हणून घेतलेले जुने बोल्टही बहुतेक चुकीच्याच लांबीचे होते. त्याआधी कोणीतरी तीच चूक केली होती.

दुकानात जाण्यापूर्वी

तेव्हा जुना बोल्ट बरोबर न्या, पण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. मोटारीच्या पुस्तिकेत माप दिले असेल ते आधी पाहा. व्यास, पिच, लांबी आणि प्रत या चार गोष्टी कागदावर लिहा. षट्कोनी डोक्याच्या बोल्टाची लांबी डोके सोडून मोजतात. पोलादात बोल्ट निदान व्यासाइतका आत गेला पाहिजे, अ‍ॅल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट. फार लांब बोल्टही वाईट. बंद भोकाच्या तळाला टेकून तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण जोड सैलच राहतो.

८.८ आणि त्यावरच्या बोल्टाच्या डोक्यावर आकड्याबरोबर बनवणाऱ्याची खूणही असली पाहिजे. नुसता आकडा असेल तर सावध राहा. आणि ब्रेक, सुकाणू व आसनाचे पट्टे यांचे बोल्ट भंगारातून किंवा अंदाजाने कधीही घेऊ नका. ते त्या मोटारीच्या भाग-क्रमांकानेच मागवावेत. चार दिवस थांबावे लागले तरी चालेल.

करून पाहा

एक बोल्ट कागदावर आडवा दाबा. आट्यांचे ठसे उमटतील. पहिल्या ठशापासून अकराव्या ठशापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा आणि १० ने भागा. हे झाले पिच. मग एक ओळखीचा आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि एक अडीच सुती बोल्ट आट्यात आटा बसवून उजेडासमोर धरा. सारखे आटे असले तर मध्ये फट राहत नाही. वेगळे असले तर तीन-चार आट्यांतच उजेड दिसू लागतो. मला त्या रात्री जे कळले ते तुम्हाला अर्ध्या मिनिटात आणि फुकट कळेल. शेवटी आपल्या सायकलचे डावे पायडल पाहा. त्याचे आटे उलटे असतात. ते का, याचा विचार करा.

आणि पुढच्या वेळी दुकानदाराने "केवढा?" असे विचारले, तर करंगळी दाखवू नका. सांगा, "आठ एम. एम., सव्वाचे पिच, चाळीस लांबी, आठ पॉइंट आठ." तो मुकाट्याने योग्य खोका काढील. तरीही घरी आल्यावर पहिले पाच वेढे बोटांनीच फिरवा.